स्वयंसेवी संगणन आणि क्वांटम संगणक : एका अपेक्षेचे परीक्षण

अर्धापूरच्या वायव्येस, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींची जी वेधशाळा उभी राहावयाची आहे, तिला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ६ एप्रिल २०२३ रोजी मिळाली. त्याच महिन्याच्या १९ तारखेस राष्ट्रीय क्वांटम अभियानही मंजूर झाले. या योगायोगातून एक अनुमान सहजगत्या काढले जाते. लहरींच्या शोधासाठी जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ देतात. क्वांटम संगणक आला म्हणजे हेच काम कैक पटींनी वेगाने होईल, असे ते अनुमान होय. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हे स्वयंसेवी काम म्हणजे २००५ साली सुरू झालेला 'आइन्स्टाइन ॲट होम' हा उपक्रम. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यापासून निघणारी अखंड लहर अतिशय क्षीण असते. तिची अपेक्षित रूपे, म्हणजेच साचे, वेधशाळेच्या नोंदीवर एकामागून एक ताडून पाहावे लागतात. (जोडताऱ्यांच्या लहरींसाठी अशा साच्यांची निवड कशी करावी याचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा निबंध गणला जातो.) अखंड लहर अद्याप हाती लागलेली नाही. मात्र याच उपक्रमाने २०१० साली अरेसिबोच्या नोंदींतून एक नवा स्पंदक शोधून काढला, हे विसरता येत नाही.

क्वांटम पक्षाचा आधार लव ग्रोव्हर यांची १९९६ ची शोधरीती हा आहे. दहा कोटी साच्यांतून योग्य तो निवडण्यास साध्या यंत्राला दहा कोटींच्या घरात पायऱ्या लागतात. या रीतीने त्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे दहा हजारांच्या घरात येतात. ग्लासगोच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ही रीती गुरुत्वीय लहरींच्या साच्यांना लावून दाखविली. गणित म्हणून ते निर्दोष आहे.

अडचण निराळीच आहे. केळीच्या बागेतील घड उतरविण्याचे काम दहा मजुरांत वाटले, तर ते दहापट लवकर उरकते. स्वयंसेवी संगणनाचे सारे बळ या वाटणीत आहे. दहा हजार घरगुती यंत्रांत तेच दहा कोटी साचे वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्यास दहा हजार येतात. म्हणजे एकटा क्वांटम संगणक जेवढ्या पायऱ्यांत काम करतो, तेवढ्याच पायऱ्यांत ही घरगुती सेनाही ते करते! उलट दहा हजार क्वांटम संगणक एकत्र आणले, तरी लाभ दहा हजारपटींचा होत नाही, शंभरपटींचाच होतो. वाटणीचे फळ येथे वर्गमुळाने आटते.

शिवाय दोन्हीकडची पायरी सारखी नव्हे. क्वांटम यंत्राला प्रत्येक पायरीत संपूर्ण नोंदीशी साच्याची तुलना करावी लागते, आणि तीही चुकांचे निवारण करीत. त्या दहा हजार पायऱ्या सलग व्हाव्या लागतात; मध्येच डोकावून पाहिले, तर ती अवस्थाच मोडते. घरगुती संगणक भारनियमनात बंद पडला, तरी काम पुन्हा पुढे चालू होते किंवा दुसऱ्याकडे जाते. अतिवाहक क्यूबिटांना तर निरपेक्ष शून्याजवळचे तापमान हवे. असे यंत्र कोणी घरी ठेवील ही कल्पना सोडूनच द्यावी. ते आलेच तर एखाद्या संस्थेच्या तळघरात येईल, आणि मग त्या संगणनाला स्वयंसेवी म्हणण्याचे कारण उरणार नाही.

तथापि ग्लासगोचा निबंध बाजूस सारणेही न्याय्य नव्हे. सलग निरीक्षणकालाच्या सहाव्या घाताने संगणनाचा खर्च वाढतो असे धरल्यास, दहा हजारपटींच्या बचतीतून निरीक्षणकाल सुमारे साडेचारपट व संवेदनक्षमता दुपटीच्या किंचित वर जाते. दुप्पट अंतर म्हणजे आठपट अवकाश. हा लाभ क्षुल्लक नाही. परंतु तुलना करावयाची तर ती आजच्या रीतीशी केली पाहिजे. नोंदीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा सलग तपासावयाचा आणि मग त्यांचे निष्कर्ष एकत्र करावयाचे, ही युक्ती थोडी संवेदनक्षमता गमावून खर्च प्रचंड प्रमाणात उतरविते, आणि ती कोणत्याही नव्या यंत्रावाचून साधली आहे.