टँगोची तालीम

टँगो म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो सिनेमातला टँगो. १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने एका मूकपटात गाऊचोचा वेष करून तो नाचून दाखविला, आणि तेव्हापासून जगाने या नाचाविषयी जी समजूत करून घेतली तीत झगमगाट आहे, मदनबाधा आहे. शिकण्याचे कष्ट तेवढे नाहीत. ब्युनोस आयर्सला मात्र या नाचाची दोन घरे आहेत. एक ‘मिलोंगा’, म्हणजे रात्रीची बैठक. दुसरे ‘प्राक्तिका’, म्हणजे तालीम. वाचकहो, आमच्या मते ही कला जोखायची तर ती दुसऱ्या घरी जाऊन जोखावी.

मिलोंगाचे शिष्टाचार कडक. जुन्या वळणाच्या मिलोंगात पुरुषाने बाईच्या टेबलाशी जाऊन हात पुढे करायचा नाही. दुरूनच पाहायचे, नजर मिळाली तर मान किंचित हलवायची. याला ‘काबेसेओ’ म्हणतात. तिला नको असेल तर ती दुसरीकडे पाहते, आणि कोणाला नकार मिळाला हे चारचौघांना कळतही नाही. किती शहाणपणाची सोय! गाणी तीन-तीन, चार-चार अशी एका जुडीने वाजतात, आणि दोन जुड्यांच्या मध्ये भलत्याच संगीताचा तुकडा वाजतो; तो ‘कोर्तिना’, म्हणजे पडदा. पडदा पडला की जोड्या सुटतात. त्याआधीच कोणी ‘ग्रासियास’ म्हटले, तर ते आभार नसून निरोप असतो. पहिल्याच गाण्यानंतर सौजन्याने आभार मानणाऱ्या परदेशी पाहुण्याची जोडीदारीण निघून जाते, आणि आपले काय चुकले हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही.

प्राक्तिकेत यांतले पुष्कळसे गळून पडते. पायांत रोजचे जोडे चालतात. तोंडाने सरळ विचारता येते. मध्येच थांबावे, बोलावे, तेच पाऊल दहादा टाकावे. बैठकीत जे असभ्य ठरेल तेच येथे कामाचे. पण म्हणून येथे नियम नाहीत असे समजू नये. जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात. थांबायचे असेल तर वाट सोडून मधे किंवा कडेला जायचे. एकाच चांगल्या नाचणारीला संध्याकाळभर अडवून धरायचे नाही. घामेजलेला सदरा बदलायचा. आणि सर्वांत मोठा नियम असा की, न विचारता कोणाला शिकवायचे नाही.

बोर्हेसने ‘एव्हारिस्तो कार्रिएगो’ या पुस्तकाच्या १९५५ च्या आवृत्तीत टँगोच्या इतिहासावर एक प्रकरण घातले आहे. रस्त्याच्या कोपऱ्यांवर पुरुष पुरुषांशी नाचत, असे तो त्यात सांगतो. आणि कारण देतो ते असे की, बदनाम बायकांच्या या नाचात गोरगरिबांच्या घरच्या बायका यायला तयार नसत. बोर्हेसची लेखणी मोठी मोहक, पण त्याचा जीव सुरीबहाद्दरांच्या जुन्या टँगोत गुंतलेला. पुढच्या, गार्देलच्या रडक्या टँगोवर त्याचा राग. त्यामुळे त्याचे कारण आरंभीच्या काळापुरतेच पुरते. १९४० नंतर तर वस्तीवस्तीच्या क्लबांतून आया आपल्या मुलींना घेऊन नाचाला येत. बदनामी कुठली उरली होती? तरीही पोरे पोरांशीच तालीम करीत. जुने नाचणारे सांगतात की नवख्याने आधी कित्येक महिने बाईचे पाऊल शिकायचे, मग पुरुषाचे. दुसऱ्याने ओढले-ढकलले की कसे वाटते हे अंगाने कळल्यावाचून त्याच्या हाती कोणी मुलगी देत नसे. आमच्या मते ही शिक्षणपद्धती कोणत्याही नृत्यशाळेच्या तोंडात मारील अशी आहे.

पण तिची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ही तालीम पुरुषांची होती. मुली घरी, भावाबरोबर नाहीतर आईबरोबर, स्वयंपाकघरात शिकत. पुरुष दोन्ही पावले जाणे, बाई एकच. बैठकीतही टेबलाशी बसून कोणाची नजर येते का, याची वाट तीच पाही. काबेसेओने तिला नकाराचा हक्क दिला खरा, पण पुढाकार बहुधा पुरुषाकडेच राहिला. आजच्या प्राक्तिकेत बाई स्वतः जाऊन विचारते, दि सार्लीच्या संथ ठेक्यावर स्वतः पुढाकार घेऊन चालायला शिकते, आणि पुरुष तिच्या मागून पाऊल टाकतो. रूढीचे अभिमानी यावर नाक मुरडतात. त्यांना विचारावेसे वाटते, की तुमचे आजोबा दुसरे काय करीत होते?

आम्हांला चिंता वाटते ती निराळीच. आता टँगो जगभर गेला आहे. २००९ साली युनेस्कोने आर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा सामायिक वारसा म्हणून त्याची नोंदही केली. गावोगावच्या प्राक्तिकांतून एक नवा प्राणी आढळतो. वर्षभर शिकलेला हा गृहस्थ महिनाभर शिकलेल्या बाईला गाठतो, आणि तिचा खांदा, तिची टाच, तिचा श्वास, सगळे दुरुस्त करीत सुटतो. पाऊल चुकलेले असते बहुधा त्याचेच. ती शरमते, आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. तिला ‘ग्रासियास’ म्हणून वाटेतच थांबता येते, हे पहिल्या दिवशी दारातच कोणीतरी सांगायला हवे.