सांधा न लपवणारा गळा

किशोरकुमार यांच्या यॉडलिंगचा विषय निघाला की जाणकार मंडळी किंचित हसतात. गमतीचा प्रकार, एवढीच त्याची नोंद होते. हा निवाडा आम्हास मान्य नाही.

छातीतल्या भरदार आवाजावरून एकदम वरच्या बारीक आवाजावर उडी घ्यायची आणि तितक्याच वेगाने परतायचे, हे यॉडलिंग. या दोन आवाजांमधला सांधा प्रत्येक गळ्यात असतो. देवळातील गायनवृंदात आपण तो लपवायला शिकवतो. आल्प्सच्या गुराख्यांनी तो उघडा ठेवला. अमेरिकेच्या जिमी रॉजर्सने १९२७ पासूनच्या आपल्या तबकड्यांत त्यातून दुःखही गायिले. रॉजर्स आणि न्यूझीलंडचा टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्यांवरूनच किशोरकुमार यांनी ही कला उचलली. १९४८ च्या ‘जिद्दी’त ते सैगलांच्या सावलीत गात होते. त्या सावलीतून बाहेर पडण्यास यॉडलिंग उपयोगी पडले असावे, कारण सैगलांच्या गायकीत त्यास जागाच नव्हती.

१९६१ च्या ‘झुमरू’त नायक तेच, संगीतकारही तेच. शीर्षकगीतात आवाज डोंगरउतारावरच्या करडासारखा उड्या मारतो. त्याच चित्रपटात, अशोककुमार यांनी १९३६ च्या ‘जीवन नैया’त गायिलेले एक एकाकी गीत ते पुन्हा गातात, आणि तेथे यॉडलिंगचा मागमूसही नाही. कोठे थांबावे हे ज्यास कळते त्यास विदूषक म्हणणे अन्यायाचे आहे.

१९७१ च्या ‘अंदाज’कडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. शंकर-जयकिशन यांच्या चालीवर मोटारसायकलस्वार नायक बेफिकिरीने यॉडलिंग करीत जातो, आणि पुढे मोटारसायकलच्याच अपघातात मरतो. हे ठाऊक असताना गाणे पुन्हा ऐकावे: वर उडणारा प्रत्येक स्वर काळजात कापतो. ‘आराधना’च्या (१९६९) यशानंतर काही संगीतकारांनी मात्र यॉडलिंगचा शिक्का करून टाकला. तो दोष गळ्याचा नव्हे, मागणीचा.

मराठीला हा आवाज फार उशिरा लाभला. अरुण पौडवाल यांनी ‘गंमत जंमत’साठी त्यांच्याकडून गाऊन घेतले ते १९८७ साल, त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ते गेले.

आमच्या शुक्रवार पेठेतून जाणाऱ्या वरातीत बँडवाले ‘अंदाज’चे ते गाणे अजूनही वाजवतात. यॉडलिंगची जागा आली की ते काम ट्रम्पेटकडे जाते. स्वर सगळे बरोबर लागतात. सांधा तेवढा येत नाही.