जात घोड्याला, माणसाला नव्हे : पालि साहित्यातील अश्वाचा एक विचार

बौद्ध वाङ्मयातील अश्वाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले नाव येते ते कंथकाचे, आणि बहुधा शेवटचेही तेच. विहारांच्या भिंतींवरील चित्रांतून आणि महाभिनिष्क्रमणाच्या गीतांतून हा शुभ्र घोडा घराघरांत परिचित झाला आहे. मात्र पालि साहित्यातील अश्वाचे खरे महत्त्व कंथकात शोधू नये, असे आमचे मत आहे. ते मज्झिमनिकायातील एका अनाम घोडीत आहे. ही घोडी आपल्या समीक्षेच्या नजरेतून सुटली, याचे आम्हाला नवल वाटते.

प्रथम कंथकाचा विचार करू. जातकट्ठकथेच्या निदानकथेत तो मानेपासून अठरा हात लांब आणि शंखासारखा पांढरा आहे. टापांचा आवाज होऊ नये म्हणून देवता त्याच्या पावलांखाली तळहात धरतात. अनोमा नदी तो एका उडीत ओलांडतो आणि स्वामीच्या वियोगाने प्राण सोडून देवलोकात जन्मतो. अश्वघोषाच्या बुद्धचरितात तो अधिक जिवंत वाटतो. तेथे तो रिकाम्या पाठीने कपिलवस्तूला परततो आणि यशोधरा त्यालाच जाब विचारते : जाताना तू खिंकाळला का नाहीस? काव्य म्हणून हा प्रसंग श्रेष्ठ आहे. तरीही दोन्ही ठिकाणी घोड्याचे काम एकच, ते म्हणजे रात्रीच्या गुप्त प्रयाणाला चमत्काराचे साहाय्य देणे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात (मूळ इंग्रजी आवृत्ती १९५७) हे कामच काढून घेतले. तेथे गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष हे आहे. सिद्धार्थ घरच्यांशी बोलून, लोकांच्या देखत बाहेर पडतो. छन्न आणि कंथक सोबत आहेत, निरोपाचे दुःखही आहे. परंतु टापांचा आवाज दडपण्याची गरज कोणालाच उरलेली नाही. जे उघडपणे केले जाते त्याला देवतांच्या तळहातांचा आधार लागत नाही. कथेतील घोडा पुन्हा घोडा झाला, हे या मांडणीचे वाङ्मयीन यशही होय.

आता त्या घोडीकडे वळू. अस्सलायनसुत्तात श्रावस्तीचा सोळा वर्षांचा, तीन वेदांत पारंगत असा ब्राह्मण तरुण वर्णश्रेष्ठत्वाचा दावा घेऊन भगवंतांकडे येतो. त्याच्या नावातच अस्स, म्हणजे अश्व, आहे. भगवंत त्याला विचारतात : क्षत्रिय कुमार आणि ब्राह्मण कन्या यांच्या संबंधातून मूल झाले, तर ते आईसारखे आणि बापासारखेही असेल, त्याला क्षत्रियही म्हणता येईल, ब्राह्मणही म्हणता येईल ना? तरुण होकार देतो. मग पुढचा प्रश्न येतो : घोडीला गाढवापासून शिंगरू झाले, तर त्याला घोडा म्हणावे की गाढव? तो उत्तरतो की ते खेचर होय. येथे मला भेद दिसतो, तेथे दिसत नाही. वादाचा निकाल प्रतिवाद्याच्या तोंडून लागतो. जात ही गोष्ट पशूंत डोळ्यांना दिसते, माणसांत ती दाखवता येत नाही. वासेट्ठसुत्तात हाच विचार वनस्पती, कीटक, पशू आणि पक्षी यांच्या भेदांवरून विस्ताराने मांडला आहे.

हा दृष्टांत पुस्तकी नाही. आमच्या विष्णुपुरीवरून लातूरकडे जाणारा रस्ता लोहा तालुक्यात शिरतो. त्याच तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवते, अंगावरचे भोवरे तपासते, पंचकल्याण आहे का हे पाहते, जातवंत म्हणून किंमत सांगितली जाते. भोवऱ्यांच्या शुभाशुभाविषयी आमचे काही मत असो, घोड्याच्या बाबतीत जात हा शब्द तेथे काहीतरी अर्थ बाळगतो. चाल, उंची, हाडपेर त्यातून कळते. हाच शब्द माणसाला लावला की त्यातून काहीच कळत नाही, फक्त त्याची जागा ठरवली जाते.

अर्थात सगळे पालि साहित्य या कसोटीला उतरते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भोजाजानीय जातकातील घायाळ घोडा सामान्य घोड्याला रणात पाठवू देत नाही. जातिवंत बाणांनी विंधलेला असला तरी श्रेष्ठच, हा त्याचा अभिमान आहे. ही कुलाभिमानाचीच भाषा होय. तोच घोडा शेवटी बंदी केलेल्या सात राजांना मारू नका असे सांगून प्राण सोडतो, म्हणून कथा वाचते. अभिमान मात्र तसाच राहतो. याच्यासमोर गिरिदत्त जातक ठेवावे. तेथे राजाचा उत्तम घोडा लंगडू लागतो. वैद्याला रोग सापडत नाही. शेवटी कळते की त्याला शिकवणाराच लंगडा आहे आणि घोडा त्याचे अनुकरण करतो आहे. शिक्षक बदलताच चाल सुधारते. जन्मापेक्षा संगत आणि शिक्षण प्रभावी, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. धम्मपदाच्या नागवग्गातही सुशिक्षित खेचर सिंधू देशीच्या अश्वांच्या पंक्तीत बसले आहे आणि स्वतःला दमवणारा माणूस त्या सर्वांहून वर आहे. तेथील आजानीय या शब्दाचा अर्थ अट्ठकथाकार कुळावरून लावत नाहीत. शिकवणारा जे करवून घेतो ते त्वरित जाणणारा तो आजानीय, असा लावतात. कुळवाचक शब्द अशा रीतीने जाणतेपणाचा झाला.

जीवनात याच्या उलट काय घडते, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले असता स्टेशनवरील टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकण्यास तयार झाला नाही. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतील लोकांना अपमानाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला आणि हाकायला त्यांच्यातलाच एक अननुभवी माणूस बसला. नदीवरच्या फरशीत चाक अडकले, घोडा व टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडांवर फेकले जाऊन त्यांच्या पायाचे हाड मोडले. ज्याला घोडा हाकता येत होता, त्याने जातीमुळे हाकला नाही. ज्याने हाकला, त्याला तो येत नव्हता. घोड्याला मात्र मागे कोण बसले आहे याच्याशी कर्तव्य नव्हते.

मार्च २०१८ मध्ये गुजरातेतील भावनगर जिल्ह्यात टिंबी गावी एका दलित तरुणाची हत्या झाली. तो घोडा पाळत होता, त्यावर बसत होता, म्हणून हे घडले, अशी कुटुंबाची तक्रार होती. नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून आजही येतात. अशा वेळी कंथकाच्या शुभ्रतेचे वर्णन करून समीक्षेचे काम पूर्ण होत नाही. ज्या पशूच्या आधारे भगवंतांनी माणसामाणसांतील जन्मभेद खोटा ठरवला, त्याच पशूच्या पाठीवर आज तो भेद राखला जातो. विहारांतील पालि वर्गांत महाभिनिष्क्रमणाच्या पाठाला अस्सलायनसुत्ताची जोड द्यावी, एवढीच आमची सूचना आहे. ते सुत्त लहान आहे आणि त्यातील घोडी मराठवाड्यातील कोणत्याही विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागत नाही.