परीक्षेत न बसणारा सूर

जॅकी मॅक्लीनच्या सॅक्सोफोनचा सूर चढा लागतो. फार नव्हे, केसभरच. पण तो केस कानाला जाणवल्यावाचून राहत नाही. साथीचा पियानो आपल्या जागी स्थिर असतो आणि हा माणूस जरा वरच्या अंगाने निघून जातो. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते, वाद्य नीट मिळवलेले नाही. दहा-बारा वेळा ऐकल्यावर उमगते की ही त्याची बोलीच आहे. काही माणसे नेहमी थोडा आवाज चढवून बोलतात. त्यांना राग आलेला नसतो. आपले म्हणणे कुणी ऐकून घेईल की नाही, ही धास्ती त्यांच्या मनात असते. मॅक्लीनचा सूर तसा आहे. त्यात साखर नाही.

हाच माणूस पुढे विद्यापीठात संगीत शिकवू लागला. सूर बरोबर लागला की नाही, याला जिथे गुण मिळतात, नेमका तिथेच! मी शाळामास्तर आहे, मॅट्रिकच्या पुढची पदवी माझ्यापाशी नाही, आणि गुण देण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. त्यामुळे या विसंगतीने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही.

जाझ अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिरले ते काहीसे मागल्या दाराने. 1947 साली टेक्सासमधल्या डेंटन गावच्या महाविद्यालयाने, आजच्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने, या संगीताची पदवी सुरू केली, तेव्हा तिला ‘डान्स बँड’ असे नाव दिले. ‘जाझ’ हा शब्द तेव्हा विद्येच्या आवारात शोभण्यासारखा नव्हता. 1966 मध्ये डेव्हिड बेकर इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला. हा मूळचा ट्रॉम्बोनवादक. जबड्याच्या दुखापतीमुळे त्याला ते वाद्य सोडावे लागले आणि त्याने चेलो हाती धरला. ओठांनी जे सांगायचे ते आता सांगता येईना, म्हणून की काय, त्याने ते पुस्तकांत उतरवले. कोणत्या स्वरसमूहावर कोणती स्वरपंक्ती चालते, कोणते वळण कसे घ्यावे, हे सारे त्याने सुटे करून मांडले. या कामाला नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. दूरच्या गावातल्या, गुरू न लाभलेल्या मुलाला त्या पुस्तकांनी वाट दाखवली असेल, तर ते पुण्यच आहे. पण पद्धत शिकून तयार झालेली मुले एकसारखी वाजवतात, ही तक्रारही खोटी नव्हे. पद्धतीत जे बसते तेवढेच शिकवले जाते, आणि जे शिकवले जाते तेवढेच संगीत, असा समज हळूहळू रूढ होतो.

मॅक्लीनचे शिक्षण वेगळ्या शाळेत झाले. जन्म 1931 चा, न्यूयॉर्कचा. वाढला हार्लेमच्या शुगर हिल भागात. पियानोवादक बड पॉवेलच्या घरी जाऊन तो पोरवयात शिकला. 1951 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत होता. 1956 मध्ये तो आर्ट ब्लेकीच्या ‘जाझ मेसेंजर्स’मध्ये होता. या शाळेची फी मात्र जबर होती. हेरॉइनचे व्यसन जडले, तुरुंग घडला. पोलिसांनी दिलेल्या ओळखपत्रावाचून त्या काळी न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवता येत नसे; ते ओळखपत्रही गेले. ज्या रस्त्याने विद्या आली, त्याच रस्त्याने विषही आले. ‘खरी कला रस्त्यावर शिकावी, वर्गात नव्हे’ असे हौसेने म्हणणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

1962 ची ‘लेट फ्रीडम रिंग’ ही त्याची तबकडी मला त्याची सर्वोत्तम वाटते. आपल्या मुलीच्या नावाने रचलेल्या पहिल्याच रचनेत तो सरळ चाललेल्या वाक्यातून एकाएकी किंकाळीसारखा तार स्वर काढतो. दुसरी रचना बड पॉवेलची, संथ आणि प्रेमाची. गुरूची चीज शिष्य नटवून सजवून सादर करील असे वाटते. मॅक्लीन ती जवळजवळ उघडीच ठेवतो. लय संथ असल्यामुळे सुराचा चढेपणा लपायला जागा उरत नाही, आणि तो लपवूही पाहत नाही. ऑर्नेट कोलमनच्या संगीताने आपल्याला नव्याने विचार करायला लावले, हे त्याने या तबकडीच्या वेष्टनावर स्वतःच लिहिले. पुढे 1967 च्या ध्वनिमुद्रणात त्याने त्याच कोलमनला शेजारी बसवले, तेही त्याच्या नेहमीच्या सॅक्सोफोनऐवजी ट्रंपेट हाती देऊन. नावारूपाला आलेला वादक पुन्हा विद्यार्थी होतो, तो असा.

शिकवण्याची वृत्ती त्याच्यात नोकरीच्या आधीपासून होती. बॉस्टनचा टोनी विल्यम्स हा सतरा वर्षांचा ढोलवादक त्याने हेरला, न्यूयॉर्कला आणला आणि 1963 मध्ये ‘वन स्टेप बियाँड’साठी वाजवायला बसवला. साठ-सत्तरच्या सांध्यावर तो हार्टफर्ड विद्यापीठाच्या हार्ट संगीतशाळेत शिकवू लागला. 1970 मध्ये पत्नी डॉलीसह त्याने गावातल्या मुलांसाठी ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ उभे केले. रस्त्याची विद्या मुलांना मिळावी, पण विष मिळू नये, हाच त्यामागचा हेतू असावा असे मला वाटते. 1980 मध्ये विद्यापीठात त्याने जो विभाग स्थापन केला, त्याला ‘आफ्रिकन अमेरिकन संगीत विभाग’ असे नाव दिले. डेंटनला नाव लपवावे लागले होते. इथे संगीताने आपले कूळ दारावर लिहून प्रवेश केला.

या शिक्षकाची कसोटी मी त्याच्या शिष्यावरून लावतो. ट्रॉम्बोनवादक स्टीव्ह डेव्हिस हार्टमधून 1989 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि त्याच वर्षाअखेर मॅक्लीनच्या शिफारशीने ब्लेकीच्या मेसेंजर्समध्ये गेला. गुरू ज्या मंडळीत उभा राहिला होता, तिथेच तेहतीस वर्षांनी शिष्य उभा राहिला. पण त्याचा सूर ऐका: गोल, उबदार, आपल्या जागी नीट बसलेला. गुरूच्या चढेपणाचा त्यात मागमूस नाही. मॅक्लीनने आपला सूर वाटला नाही. ज्याचा त्याला सापडेपर्यंत थांबण्याची मोकळीक दिली. तो स्वतः वाजवीत राहिला म्हणूनच हे शक्य झाले असावे. 1988 मध्ये तो मुलगा रेने याच्यासह ‘डायनॅस्टी’ श्रोत्यांसमोर वाजवीत होता. 2006 मध्ये तो वारला. ज्याला रात्री स्वतः मंचावर चुकण्याची जोखीम घ्यायची आहे, तो सकाळी वर्गात दुसऱ्याच्या चुकीकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हापासून परीक्षांनी गायक घडतात की नुसते परीक्षार्थी, हा वाद आपण घालतोच आहोत. मला वाटते, वाद परीक्षेचा नाहीच. परीक्षकाच्या कानाचा आहे.

मागे माझ्या वर्गातल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे डोळे जातात.’ मी तांबडी रेघ ओढली आणि वर ‘विहीर आटते’ असे शुद्ध लिहून अर्धा गुण कापला. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने हे केले! त्या मुलाने वर्षभर पुन्हा तसले वाक्य लिहिले नाही. सगळे निबंध स्वच्छ लिहिले, आणि मी त्याला चांगले गुण देत गेलो. मॅक्लीनची ती संथ रचना ऐकताना मला दर वेळी ती तांबडी रेघ आठवते.