‘सुप्तावस्था’ : एक संज्ञा, दोन अवस्था

मराठी कृषिलेखनात कीटकांच्या थंडीतील निश्चलतेस ‘सुप्तावस्था’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द सुबोध आहे. तथापि तो दोन भिन्न घटनांना एकच नाव देतो, आणि जेथे त्यांचा भेद हाच विवेचनाचा विषय असतो तेथे अर्थाची हानी होते.

माव्याचा नाश करणाऱ्या ‘ॲफिडियस’ प्रजातीतील गांधीलमाश्यांचे उदाहरण घ्यावे. मादी माव्याच्या शरीरात अंडे घालते. अळी त्यास आतून खाऊन टाकते व पानास चिकटलेल्या त्याच्या फुगीर, वाळक्या कातडीतच कोष करते. (आश्रयदाता येथे मरतोच, म्हणून 1913 साली रॉयटर याने ‘पॅरासिटॉइड’ ही निराळी संज्ञा योजिली. मराठीत मात्र ऊ आणि ही माशी दोन्ही ‘परोपजीवी’च!) तापमान एका मर्यादेखाली गेले की या अळीची वाढ थांबते, ऊब मिळताच पुन्हा सुरू होते. ही पहिली अवस्था. ही मर्यादा माव्यापेक्षा त्याच्या परोपजीवींत सामान्यतः वरची असते, असे कॅम्बेल व सहकाऱ्यांनी 1974 साली दाखविले. गार हवेत मावा पुढे का जातो, हे त्यावरून उलगडते.

दुसरी अवस्था ‘डायापॉज’. व्हीलर याने 1893 साली हा शब्द कीटकभ्रूणाच्या वाढीतील एका टप्प्यापुरता वापरला. त्याची व्याप्ती पुढे वाढली. आखडत जाणारा दिवस व उतरते तापमान यांच्या सूचनेने ही अवस्था कडाक्याच्या थंडीआधीच ठरते. मग तो कोष उबदार प्रयोगशाळेत आणून ठेविला तरी माशी लगेच बाहेर पडत नाही. जी ऊब लागूनही उठत नाही, तिला ‘सुप्त’ कोणत्या अर्थाने म्हणावे?

पश्चिम फ्रान्समधील सौम्य हिवाळ्यात धान्याच्या शेतांतून मावा टिकून राहतो. तेथील गांधीलमाश्यांना प्रयोगात लहान दिवस व थंडी देऊनही डायापॉज अल्पच आढळला, असा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. ‘सुप्तावस्था घटली’ असे त्याचे मराठीकरण केल्यास, हवा उबदार होती म्हणून माश्या जाग्या राहिल्या, असाच बोध होईल. वस्तुतः प्रयोगात थंडी होतीच; बदलला होता तो कीटकाचा प्रतिसाद. संशोधनाचे मर्मच अनुवादात गळून पडते.

पहिल्या अवस्थेस मराठीत शब्द शोधावयाचीही गरज नाही. गारठलेला जीव ऊन लागताच हालू लागतो, हे ‘गारठणे’ या क्रियापदात आहेच. संज्ञाकारांस ते घरगुती वाटत असावे. दुसरीस ‘विराम’ म्हणता येईल. त्यास व्याकरणाचा वास येतो खरा, पण तो ‘सुप्त’प्रमाणे चुकीची अपेक्षा तरी निर्माण करीत नाही.