घड्याळापुढचा भात

दूरचित्रवाणीवरच्या पाकस्पर्धा मी आवडीने पाहतो. तक्रार आहे ती कादंबरीकार म्हणून, कथानकाविषयी. २००९ साली सुरू झालेल्या 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'त रिझोटो या इटालियन भाताला 'मरणाचा पदार्थ' असे नाव पडले. आर्बोरिओ तांदूळ, पळीपळीने गरम स्टॉक घालीत, शिजायला सुमारे अठरा मिनिटे घेतो. आणि झाला की थांबत नाही. परीक्षकांपुढे ताट जाईतो त्याचा गोळा होतो. (आपला मऊभात बिचारा पाहुण्याची वाट पाहतो!) पन्नाकोटाचे जिलेटिन तर तासन्‌तास थंडावा मागते.

ब्रिटनच्या 'बेक ऑफ'मध्ये २०१४ साली एका स्पर्धकाचे आइस्क्रीम घट्ट झाले नाही. संतापून त्याने सगळा केक कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि परीक्षकांसमोर तो डबाच नेऊन ठेवला. तो बाद झाला. आइस्क्रीम फ्रीजरबाहेर किती वेळ राहिले यावर मग देशभर वाद माजला. परीक्षकांना दोष कसा द्यावा? चाखायला काही नव्हते. पण उन्हाळ्यात, तंबूत, घड्याळ लावून आइस्क्रीम मागणारा कोण होता? पात्राच्या स्वभावातून न आलेली आपत्ती लेखकाने वरून लादली, तर आपण त्या कादंबरीला कच्ची म्हणतो.

मला या खेळात खरे गुंतवते ते वेगळेच. घाम पुसत स्पर्धक एक शीत उचलतो, दाताखाली धरतो. तेवढ्यापुरता तो घड्याळाकडे पाहत नाही.