चौफुल्याची बारी आणि कॅमेरा

पुणे–सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात चौफुला लागतो. दिवस मावळला की इथल्या लावणीच्या कला केंद्रांसमोर गाड्या लागू लागतात. उसाचं बिल हातात पडलेल्या बागायतदारापासून जमिनीचा व्यवहार उरकून आलेल्या दलालापर्यंत सगळे येतात. इथूनच न्हावऱ्याचा रस्ता शिरूरला जातो. त्या तालुक्यातही सणसवाडीला कला केंद्र आहे. आणि त्याच तालुक्यातल्या सविंदण्यात बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला-पाहायला मिळतात. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या मूळ कामाचा तो पुढचा टप्पा.

लोकसंगीतावरच्या मराठी माहितीपटाची सगळी अडचण या दोन तालुक्यांत दिसते. ओवी म्हणणाऱ्या बाया कॅमेऱ्याला घरात घेतात, चहा देतात, जात्यात मूठभर दाणे टाकून गातात. पण दळण केव्हाच गिरणीत गेलंय. चित्रित होते ती आठवण. तीही मोलाची, वाद नाही. उलट चौफुल्याला गाणं हाच आजचा पोटाचा धंदा आहे, आणि तिथे कॅमेरा दारातच अडतो. संगीत बारीत, म्हणजे तमाशाच्या लावणीप्रधान प्रकारात, एका रात्रीत अनेक पार्ट्या (कलावंतिणींचे संच) आळीपाळीने रंगमंचावर येतात. मग निवडक रसिकांसाठी आतल्या खोलीत बैठक बसते आणि खरा पैसा तिथेच फिरतो. मालकीण, ढोलकीवाला, पेटीवाला, नाचणाऱ्या मुली, थिएटरचा मालक यांच्या वाटण्या ठरलेल्या. या खोलीत येणाऱ्याला आपला चेहरा पडद्यावर नको असतो. गाणारीलाही नको असतो, कारण तिचं पोर कुठल्या तरी वसतिगृहात शिकत असतं.

म्हणूनच माहितीपटकार सावित्री मेधातुल यांची वाटचाल लक्षात घेण्यासारखी आहे. लावणी कलावंतिणींवर त्यांनी ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. ‘पिंजरा’ या चित्रपटाने 1972 मध्ये आणि ‘नटरंग’ने 2010 मध्ये तमाशा घराघरांत नेला खरा, पण दोन्हींच्या केंद्रस्थानी पुरुषाची पडझड होती. मेधातुल बाईच्या बाजूला जाऊन बसल्या. पुढे लेखक भूषण कोरगावकरांच्या साथीने त्यांनी ‘संगीत बारी’ हा प्रयोग रंगमंचावर आणला. शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई म्हाळंग्रेकर यांच्यासारख्या कलावंत स्वतः प्रेक्षकांसमोर आल्या आणि मधल्या जागा निवेदनाने भरल्या. माहितीपटकाराने कॅमेरा बाजूला ठेवून कलावंतालाच पुढे करावं, ही घटना आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. माझ्या मते ती माहितीपटाचीच पुढची पायरी होती. पडद्यावर मुलाखत देऊन कलावंताच्या हाती फार काही येत नाही. प्रयोगात तिला बिदागी मिळते, आणि बसून केलेली अदाकारी शहरी प्रेक्षकाला पहिल्यांदा नीट कळते.

तरी एक गोष्ट हातातून सुटते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासमोर लावणी सुरक्षित होते. चौफुल्याच्या बैठकीतली घासाघीस, सिनेगीतांच्या फर्माइशी, पहाटेचा हिशेब यांतलं निवेदनात सांगता येतं तेवढंच पोचतं. कलावंतिणीला कमीपणा येऊ नये म्हणून घेतलेली काळजी कधी कधी धंद्याचा कडूपणा झाकून टाकते. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी दलित शाहिरीवरच्या ‘जय भीम कॉम्रेड’साठी चौदा वर्षं दिली, शाहिरीच्या मागची वस्ती, पोलीस, मोर्चे असं सगळं त्यात आलं, म्हणून ती गाणी नुसती गाणी राहिली नाहीत. संगीत बारीला असा दीर्घ सहवास देणारा चित्रपट अजून हवा आहे. त्याची सुरुवात नाचणारीपासूनच व्हायला हवी असंही नाही. एखाद्या ढोलकीवाल्याच्या रात्री टिपल्या तरी पार्टीचं सगळं अर्थकारण उलगडेल, आणि कुणाचा चेहरा झाकावाही लागणार नाही.

इतका वेळ द्यायला पैसा कोण देणार, हा प्रश्न आहेच. माहितीपट काढणारी सरकारी फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली; स्वतंत्र माहितीपटकार जाहिराती, लग्नाचं शूटिंग, शिकवण्या यांवर तग धरतात. तोवर बारीतल्या मुली आपल्या मोबाइलवर स्वतःच रील काढतायत. अर्ध्या मिनिटात ठेका बसतो, ठुमका बसतो. एकाच ओळीवर दहा मिनिटं भाव फिरवणारी म्हातारी बाई त्यात मावत नाही.